देहांतील घड्याळ आणि प्रथिनांचा विनाश

१८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब ते खामगांव हा आगगाडीचा फांटा सुरू झाला. लांबी अवघी आठेक मैल. परंतु तेवढ्यानें वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या गोदीशीं आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांशीं जोडला गेला. खामगांव त्या काळीं अकोला जिल्ह्यांत होतें. बुलढाणा जिल्ह्यांत तें १९०५ सालीं आलें. रुळांमागोमाग सरकी काढण्याचे जिन आले, रुईच्या गांठी दाबण्याचे प्रेस आले, आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरचें घड्याळ व कारखान्याचा भोंगाही आला. तोंपर्यंत या भागांतील कष्टकऱ्याचा दिवस सूर्य मोजीत असे. आतां तो भोंगा मोजूं लागला, आणि भोंगा रात्रींही वाजूं शकत होता.

शेजारच्या खानदेशांतील जिनांची हकीकत १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढें आली. ती आज वाचली तरी मन अस्वस्थ होतें. साधारण दिवसांत काम पहांटे चार-पांच वाजतां सुरू होई, तें रात्रीं सात, आठ, कधीं नऊ वाजेपर्यंत चाले. हंगामाच्या ऐन भरांत तींच माणसें, आणि त्यांत बहुतेक बायका, आठ-आठ दिवस अहोरात्र कामावर ठेवीत. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा येथें उपयोगी नव्हता. कारण वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना तो लागूच नव्हता, आणि जिनांचा हंगाम तर तेवढाच. पुढें मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांची बाजू मांडली, १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली, आणि १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या रात्रीच्या कामाला बराच आळा घातला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास पुन्हां वाढले. त्यावर नेमलेल्या कमिशनांत डॉक्टर टी. एम. नायर यांनीं भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्या तासांनाही मर्यादा हवी असें स्पष्ट लिहिलें. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांपुरती ती बारा तासांची झाली.

या सगळ्या वादांत पुरुषांपुरता मुख्य प्रश्न एकच होता : तास किती? ते तास कोणते, दिवसाचे कीं रात्रीचे, यानें देहाच्या आंत कांहीं फरक पडतो काय, या प्रश्नाचें उत्तर देण्यासारखें शास्त्रच त्या वेळीं नव्हतें. तें शास्त्र कसें जन्मास आलें, आणि त्यांत प्रथिनांच्या निर्मितीइतकेंच त्यांच्या विनाशाला महत्त्व कसें आलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सरकार घड्याळाला काय हुकूम देऊं शकतें तें आपण जाणतोंच. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ अमलांत आली. बुलढाण्याची जागा त्या प्रमाण रेखांशाच्या सुमारें सहा अंश पश्चिमेस असल्यामुळें तेथें खरी दुपार सरासरीनें बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास होते. मुंबईनें आपली जुनी, एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली वेळ हट्टानें १९५५ पर्यंत जपली. १९४२ ते १९४५ या युद्धकाळांत तर सर्व देशाचींच घड्याळें एक तास पुढें केलीं होतीं. कांटे कोणाच्याही बोटानें फिरतात. देहाचें तसें नाहीं, हें प्रथम एका झाडानें दाखविलें.

फ्रान्समधील ज्योतिर्विद द मेरां यानें १७२९ सालीं लाजाळूसारखें एक झाड अंधाऱ्या जागेंत नेऊन ठेवलें. उजेडाचा किरणही न पोंचतां त्याचीं पानें दिवसां उघडत आणि रात्रीं मिटत. आपल्या अंगणांतील चिंचही संध्याकाळीं पानें मिटते, पण ती सूर्य मावळला म्हणून मिटते असेंच आपण समजतों. पुढें १८३२ सालीं द कांदोल यानें पाहिलें कीं, सतत एकसारख्या परिस्थितींत ठेवलेल्या झाडाचा हा फेरा नेमका चोवीस तासांचा नसतो. तो बावीस-तेवीस तासांवर येतो. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, पण निर्णायक आहे. झाड जर बाहेरच्या एखाद्या गुप्त खुणेवर चालत असतें, तर त्याचा दिवस पृथ्वीच्या दिवसाएवढाच असता. तो थोडा चुकतो, म्हणजे तो त्याचा स्वतःचा आहे.

माणसावरचा जुना प्रयोग १९३८ चा. अमेरिकेंतील नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा एक तरुण विद्यार्थी केंटकींतील मॅमथ गुहेंत बत्तीस दिवस राहिले आणि त्यांनीं अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. विद्यार्थ्यास तो बराचसा साधला. क्लाइटमनच्या अंगाच्या उष्णतेचा चढउतार मात्र गुहेच्या अंधारांतही चोवीस तासांच्याच आसपास चालू राहिला. गुरूपेक्षां शिष्याचें शरीर लवचिक निघालें, हें कोणाही मध्यमवयीन गृहस्थास पटेल.

हें घड्याळ आहे कोठें आणि बनलें आहे कशाचें? १९७१ सालीं रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनीं फळांवरील बारीक माशांत तीन विलक्षण कुळें शोधलीं. एका कुळाचा दिवस एकोणीस तासांचा, दुसऱ्याचा अठ्ठावीस तासांचा, आणि तिसऱ्याला दिवस असा नव्हताच. तिन्हींचा दोष एकाच जनुकांत होता. पुढच्याच वर्षीं, १९७२ सालीं, दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं उंदराच्या जातीच्या प्राण्यांत दाखविलें कीं, मेंदूच्या तळाशीं, जेथें दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतु एकमेकांस ओलांडतात त्याच्या किंचित् वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो नष्ट केला कीं त्या प्राण्याच्या झोपेजागेपणाला ताळतंत्र राहात नाहीं. या पुंजक्यांत सुमारें वीस हजार पेशी असतात. माशीचें तें जनुक १९८४ सालीं हातीं आलें, आणि १९९० सालीं हार्डिन, हॉल व रॉसबॅश यांनीं त्याच्या कामाची रीत सुचविली : जनुकापासून प्रथिन बनतें, आणि तेंच प्रथिन परत येऊन आपल्या जनुकाचें तोंड बंद करतें. हॉल, रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें या कामासाठीं.

आतां येथें विचार करणाऱ्यास एक अडचण भासते. प्रथिन बनलें, त्यानें जनुक बंद केलें. मग पुढें काय? तें प्रथिन तसेंच राहिलें तर जनुक कायमचें बंद. घड्याळ एकदांच वाजून थांबेल.

आपल्याकडील जुनें घटिकापात्र आठवावें. तांब्याच्या वाटीच्या तळाला बारीक भोंक असे. ती पाण्यावर सोडली कीं हळूहळू भरे आणि चोवीस मिनिटांनीं, म्हणजे एका घटकेनें, बुडे. लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं घंगाळांत ती ठेवल्याचें पूर्वींच्या पिढीनें पाहिलें आहे. परंतु वाटीचें भरणें म्हणजे अर्धेंच घड्याळ. बुडालेली वाटी उचलून, पाणी ओतून, रिकामी करून पुन्हां तरंगत ठेवणारा माणूस पाहिजे. तो झोपला तर काळ मोजणें संपलें. त्यानें वाटी अर्धवट भरली असतांनाच उचलली तर घटका आंखूड झाली, उशिरां उचलली तर लांबली. देहांतील घड्याळांत वाटी रिकामी करण्याचें हें काम प्रथिनांचें विघटन करतें. आणि गंमत अशी कीं, ज्यांनीं हें विघटन शोधून काढलें त्यांच्या मनांत घड्याळ मुळींच नव्हतें.

१९३० नंतरच्या दशकांत जर्मनींतून न्यूयॉर्कला आलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनीं उंदरांना जड नायट्रोजनची खूण केलेलें अन्न चारलें. तोंपर्यंत समजूत अशी कीं, शरीर ही बांधून झालेली इमारत असून अन्न म्हणजे इंजिनाचा कोळसा. शोनहायमर यांना ती खूण शरीराच्या प्रथिनांतच जाऊन बसलेली आढळली. म्हणजे जुनीं प्रथिनें सतत मोडत होतीं आणि नवीं त्यांच्या जागीं येत होतीं. शोनहायमर १९४१ सालीं वारले. पुढें १९५३ सालीं मेल्विन सिम्प्सन यांना यकृताच्या कापांत एक कोडें आढळलें : पेशींत प्रथिन मोडण्यासाठीं शक्ति खर्चावी लागते. जठरांत अन्नांतील प्रथिनें मोडतात त्यास असें इंधन लागत नाहीं. इमारत बांधावयास पैसा लागतो हें ठीक. पाडावयास एवढा कां लागावा?

उत्तर १९८० च्या आसपास इस्राएलांतील हैफा येथील अव्राम हर्श्को व आरोन चिकानोव्हर आणि अमेरिकेंतील अर्विन रोझ यांनीं दिलें. पेशी आंधळेपणानें पाडापाड करीत नाहीं. जें प्रथिन मोडावयाचें त्यावर प्रथम युबिक्विटिन नांवाच्या चिमुकल्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या डकविल्या जातात. ज्यावर चिठ्ठ्यांची माळ लागली तें प्रोटिएसोम नामक पिंपासारख्या यंत्रांत ओढलें जाऊन त्याचे तुकडे होतात. शक्ति खर्ची पडते ती मुख्यतः या निवडीपायीं. चिठ्ठी कोणावर लावावयाची हें ओळखणारीं प्रथिनें पेशींत शेंकडोंनीं आहेत, आणि प्रत्येकाचें गिऱ्हाईक वेगळें. या तिघांना २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते एका हॅमस्टरमुळें. हॅमस्टर म्हणजे उंदराच्या जातीचा एक गुबगुबीत प्राणी. प्रयोगासाठीं विकत आणलेल्या अशा प्राण्यांत मार्टिन राल्फ व मायकेल मेनाकर यांना एक नर असा आढळला कीं, अंधारांत ठेवल्यावर त्याचा दिवस बावीस तासांतच संपे. त्याच्या संततीपैकीं ज्यांना आईबाप दोघांकडूनही हा दोष मिळाला त्यांचा दिवस वीस तासांवर आला. हें १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. दोन वर्षांनीं या मंडळींनीं मेंदूंतील तो पुंजका एका प्राण्यांतून दुसऱ्यांत बसविला, तेव्हां ज्याचा पुंजका त्याचाच दिवस नव्या देहांत चालूं लागला. दोषाचें मूळ मात्र २००० सालीं सांपडलें. जोसेफ ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, तो दोष केसीन कायनेज नांवाच्या, प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या एका कामगार प्रथिनांत आहे. तशाच कामगाराचा माशीमधील भाऊबंद यंग यांच्या प्रयोगशाळेनें १९९८ सालींच ओळखला होता.

प्रथम सर्वांनीं मानलें कीं, हॅमस्टरमध्यें हा कामगार मंदावला आहे. परंतु मंद कामगारानें दिवस आंखूड कसा व्हावा? २००६ सालीं गणितावर आधारलेल्या विवेचनानें आणि त्याच्या जोडीच्या प्रयोगांनीं उलटच निघालें. घड्याळाच्या प्रथिनापुरता तो अधिक तडफेनें काम करीत होता. प्रथिनावर खूण लौकर पडे, तें लौकर मोडे, वाटी लौकर रिकामी होई. कागदावरच्या समीकरणांनीं प्रयोगशाळेचें अनुमान फिरवावें, असे प्रसंग जीवशास्त्रांत थोडेच.

सस्तन प्राण्यांतील, म्हणजे आपल्याही देहांतील, घड्याळाचा फेरा आतां सांगतां येतो. क्लॉक आणि बीमॅल हीं दोन प्रथिनें जोडीनें जनुकांना जागें करतात. त्यांतून पिरियड आणि क्रिप्टोक्रोम हीं प्रथिनें दिवसभर बनत आणि सांठत जातात. संध्याकाळपर्यंत तीं एकत्र होऊन पेशीच्या केंद्रांत शिरतात आणि क्लॉक-बीमॅलच्या कामास पायबंद घालतात. रात्रभर त्यांचा विनाश चालतो. पिरियड प्रथिनाला फॉस्फेटाच्या खुणा लागतात, त्या ओळखून चिठ्ठी लावणारें प्रथिन येतें, आणि माल प्रोटिएसोमकडे जातो. क्रिप्टोक्रोमला चिठ्ठी लावणारा वेगळाच आहे. पहांटेपर्यंत दोन्ही ओसरलीं कीं पायबंद सुटतो आणि पुन्हां पहिल्यापासून. एखाद्या प्रथिनाला बनून मोडावयास मिनिटें किंवा थोडे तासही पुरूं शकतात. येथें तो कारभार ताणून ताणून सबंध दिवसाएवढा केलेला आहे. दिवसाची लांबी या ताणण्यांत आहे.

माणसांतील पुरावा अमेरिकेंतील यूटा राज्यांतून आला. तेथील एका कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या माणसें संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास झोपेला येत आणि पहांटे साडेचारच्या सुमारास टक्क जागीं होत. आपल्या खेड्यांत हा दोष कोणाच्या लक्षांतही आला नसता. उलट अशा माणसाचें कौतुकच झालें असतें! २००१ सालीं दिसून आलें कीं, या कुटुंबाच्या पिरियड प्रथिनांत एका जागचा एकच घटक बदलला आहे. सेरीनऐवजीं तेथें ग्लायसीन आहे. सेरीनला फॉस्फेट जोडतां येतो, ग्लायसीनला येत नाहीं. पुढें उलगडलें कीं, पिरियडवर फॉस्फेट लागण्याच्या दोन प्रकारच्या जागा आहेत. एकीवर लागला तर मरण जवळ येतें, दुसरीवर लागला तर लांबतें. या कुटुंबांत ती राखणारी जागाच गेली होती. २०१५ सालीं असेंही सुचविण्यांत आलें कीं, उष्णता वाढली तरी घड्याळ धांवत सुटत नाहीं याचें कारण या दोन जागांमधील तोलांत आहे. रसायनक्रिया उष्णतेनें वेग घेतात. घड्याळानें तसें केलेलें चालत नाहीं.

दिवस लांबल्याचें उदाहरण उंदरांत मिळालें, आणि त्याचें नांव ऐकून जिनांतील ती हकीकत आठवल्यावांचून राहात नाहीं. २००७ सालीं दोन प्रयोगशाळांनीं स्वतंत्रपणें असे उंदीर शोधले कीं ज्यांचा दिवस सव्वीस-सत्तावीस तासांचा होता. एकांनीं त्यांना ‘ओव्हरटाइम’ म्हटलें, दुसऱ्यांनीं ‘आफ्टर-अवर्स’. दोन्हींत दोष एकाच ठिकाणीं, क्रिप्टोक्रोमला चिठ्ठी लावणाऱ्या एफ-बी-एक्स-एल-३ या प्रथिनांत, होता. त्याच वेळीं तिसऱ्या एका प्रयोगशाळेनेंही रसायनाच्या वाटेनें तेथेंच येऊन तेंच प्रथिन दाखविलें. चिठ्ठी वेळेवर लागत नाहीं, म्हणून क्रिप्टोक्रोम आपली पाळी संपली तरी केंद्रांतच रेंगाळतें, आणि दुसरा दिवस उजाडूं देत नाहीं. पुढें २०१३ सालीं त्याचेंच भावंड एफ-बी-एक्स-एल-२१ याची उलट वागणूक कळली. पेशीच्या केंद्रांत तें क्रिप्टोक्रोमचें रक्षण करतें, आणि केंद्राबाहेर त्याच्या विनाशास सावकाश हातभार लावतें. एक पाडतो, दुसरा सांवरतो, आणि दोघांच्या ओढाताणींतून चोवीस तास निघतात.

विनाश हेंच सर्वस्व, असें मात्र म्हणूं नये. पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीच्या घड्याळावर २०१५ सालीं झालेल्या कामांत, घड्याळाच्या प्रथिनाची मोड रोखली तरी फेरा चालूच राहिल्याचें दिसलें. तेथें फॉस्फेटाच्या खुणाच निर्णायक ठरल्या. सस्तन प्राण्यांची गोष्ट बुरशीसारखीच आहे असें नव्हे. वर सांगितलेले हॅमस्टर, उंदीर आणि यूटाचें कुटुंब यांची साक्ष भक्कम आहे. परंतु खुणेचें काम किती आणि मोडीचें किती, या हिशोबावर अजून वाद चालतो, आणि तो चालावा.

हेंच घड्याळ वाघाला आहे, आणि वाघ तर रात्रीं हिंडतो. मग रात्र वाईट कशी, असें कोणी विचारील. बुलढाण्याला याचें जिवंत उदाहरण पाहावयास मिळालें आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत २०१९ च्या आरंभीं एका तरुण वाघाच्या गळ्यांत रेडिओ-पट्टा बांधला होता. तो पावसाळ्याच्या तोंडाशीं निघाला, महाराष्ट्र व तेलंगणांतील कित्येक जिल्हे ओलांडीत डिसेंबरांत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. एकंदर चाल सुमारें तीन हजार किलोमीटरांची झाली, आणि शेतांवस्त्यांमधून ती मुख्यतः रात्रींच झाली. संशोधनांतून दिसतें कीं, मेंदूंतील त्या पुंजक्याचें घड्याळ दिवसां वावरणाऱ्या आणि रात्रीं वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांत जवळजवळ एकाच वेळेवर लावलेलें असतें. पिरियड संध्याकाळीं भरतें आणि पहांटे ओसरतें, मग प्राणी कोणताही असो. फरक आहे तो त्या वेळेचा अर्थ लावण्यांत. रात्रीचर प्राण्यांत बाकीचा देह ती खूण ‘उठा’ अशी वाचतो, माणसाचा देह ‘निजा’ अशी. हा अर्थ लक्षावधि वर्षांच्या उत्क्रांतीनें ठरला आहे. भोंग्यानें बदलत नाहीं.

जिनांचा तो काळ गेला, पण रात्रीचें काम बुलढाणा जिल्ह्यांतून गेलें नाहीं. महाराष्ट्रांत शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज वर्षानुवर्षें आळीपाळीनें, आठवड्यांतून कांहीं दिवस दिवसां आणि कांहीं दिवस रात्रीं, देण्याची पद्धति चालत आली. गहूहरभऱ्याच्या दिवसांत, म्हणजे ऐन थंडींत, शेतकरी रात्रीं लाईट आली कीं उठून वावरांत जातो, बारे देतो, आणि विंचूकाट्याची, सापाची, रानडुकराची भीति उराशीं बाळगून बांधावर बसतो. दिवसां वीज द्यावी, ही मागणी या भागांतून वारंवार झाली. सूर्यशक्तीवर चालणाऱ्या वाहिन्यांतून ती देण्याची सरकारी योजना २०१७ सालीं निघाली. या मागणीच्या बाजूनें साप आणि थंडी यांचे दाखले नेहमीं दिले जातात, आणि ते योग्यच आहेत. प्रथिनांचा दाखला कोणी देत नाहीं, म्हणून तो येथें नोंदवितों.

मेंदूंतील घड्याळ पुढेंमागें सरकतें तें मुख्यतः डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडानें. रात्रीं लख्ख उजेड पडला तर त्या पुंजक्यांत पिरियडची अवेळीं भर पडते, विनाश मग तेवढ्यानें पुढें ढकलला जातो किंवा अलीकडे येतो, आणि दिवस सरकतो. पण साधारणपणें रोज एखाद्या तासानें. दूरच्या देशीं विमानानें गेलेल्या माणसास हें ठाऊक असतें. वावरांत बॅटरीच्या उजेडांत उभ्या असलेल्या माणसाला तेवढाही उजेड मिळत नाहीं. त्याच्या मेंदूचें घड्याळ दिवसाचेंच राहतें, आणि माणूस मात्र जागा असतो.

येथें आणखी एक गुंता आहे. १९९८ सालीं जिनीव्हा येथील उली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेंत आढळलें कीं, शरीरांतील साध्या पेशी कांचेच्या बशींत वाढविल्या तरी त्यांच्यांतही घड्याळ चालतें. आणि दोन वर्षांनीं दिसलें कीं, उंदरांना अवेळीं अन्न दिलें तर यकृताचें घड्याळ त्या अन्नामागें जातें, मेंदूचें मात्र जागचें हलत नाहीं. रात्रीं दोन वाजतां बांधावर बसून चटणी-भाकरी खाणाऱ्या माणसाच्या देहांत अशीं दोन घड्याळें दोन वेळा दाखवूं लागतात. रात्रपाळीच्या दीर्घकालीन परिणामांचा विचार करून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००७ सालीं अशा कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गांत घातलें, आणि २०१९ सालीं फेरविचारांत तें मत कायम ठेवलें. तीं मतें मुख्यतः परिचारिका व कारखान्यांतील कामगारांच्या पाहणीवरून बनलीं. वावरांत रात्र काढणाऱ्यांचा विचार त्यांत फारसा नाहीं.

वीज आठवड्यांतून तीन-चार दिवस रात्रीं येते असें धरूं. रोज एक तासाच्या हिशोबानें मेंदूचें घड्याळ, सगळें अनुकूल असलें तरी, तेवढ्यांत तीन-चार तास सरकेल. रात्रीच्या कामास जुळावयास आठ-दहा तास पाहिजेत. यकृत तेवढ्यांत बरेंच पुढें गेलेलें असतें. चौथ्या-पांचव्या दिवशीं वीज पुन्हां दिवसां येते, आणि पेशींत आदल्या रात्रीचें क्रिप्टोक्रोम अजून मोडून संपलेलें नसतें.